मोठा मासा फ्लायवर लागतो, पण बोटीपर्यंत येत नाही – नेमकं कुठे गडबड होते?

हा प्रश्न दर सीझनला येतोच. अंदमानला जाऊन आलेला कुणीतरी सांगतो, फ्लाय, म्हणजे पिसं-दोरे बांधून केलेलं नकली आमिष, टाकायच्या बारा वेटच्या (रॉडची ताकद सांगणारा आकडा) रॉडवर जीटी (जायंट ट्रेव्हली) लागला, पहिली धाव कशीबशी थांबवली, मग अर्धा-पाऊण तास झुंज चालली, रॉड पार गोल वाकलेला, दंड भरून आले आणि मासा काही वर आला नाही, शेवटी लाईन सैल. दुसऱ्याचा कुपा (टुना) बोटीच्या बरोबर खाली खोलात जाऊन नुसता गोल गोल फिरत राहतो आणि इंचभर वर यायला तयार नसतो. मग सल्ले सुरू होतात, लीडर (लाईनच्या टोकाचा, फ्लाय बांधायचा दोरा) अजून जाड घे, रील महागातलं घे, चौदा वेट घे. मला यातलं काहीच पटत नाही. बहुतेक वेळा सामान ठीकच असतं, रॉड धरायचा कोन चुकलेला असतो आणि मासा दमायच्या ऐवजी आपणच दमत असतो.

पण त्याआधी मासा सुटला म्हणजे नक्की कसा सुटला ते बघा. लाईन सैल झाल्यावर लोक वैतागून ती गुंडाळतात आणि तुटलेलं टोक कापून फेकून देतात, तसं करू नका, सगळा पंचनामा त्या टोकातच असतो. लीडरचं टोक डुकराच्या शेपटीसारखं कुरळं झालेलं असेल तर लीडर तुटलेला नाही, गाठ सरकलेली आहे, म्हणजे गाठ ओली न करता आवळलीय किंवा पूर्ण आवळलेलीच नाहीये. जाड फ्लुरोकार्बनच्या लीडरची गाठ नुसत्या हाताने बसत नाही, गळ पकडीत धरून, हातात ग्लोव्ह घालून, अंगाचा जोर लावून बसवावी लागते. टोकाच्या वरचा हातभर लीडर खरखरीत लागत असेल, पांढरट ओरखडे असतील तर तो कोरलवर घासून गेलाय. टोक बारीक होत गेलेलं, ताणल्यासारखं असेल तर खरोखर जास्त जोराने तुटलंय, पण हे फक्त बारीक टिपेटवरच (लीडरच्या सगळ्यात बारीक तुकड्यावरच) दिसतं. फ्लाय लाईनच्या टोकाचं प्लास्टिकचं साल निघून आत नुसता कोर दिसत असेल तर कारखान्यात वितळवून केलेला लूप उसवलाय, त्या लूपच्या मागे जाड मोनोच्या (साध्या नायलॉन दोऱ्याच्या) दोन-तीन नेल नॉट (लाईनभोवती वेढे देऊन आवळायच्या गाठी) घरीच मारून घ्यायच्या, नाहीतर सरळ ब्रेडचा, म्हणजे विणलेल्या दोऱ्याचा लूप बसवायचा. आणि फ्लाय परत आलीय पण गळ उघडलाय असं असेल तर गळ कमजोर होता किंवा नुसता टोकावर लागला होता, पुरता रुतलाच नव्हता.

जीटीला आपण १०० ते १३० पौंडाचा सरळ लीडर लावतो. म्हणजे ४५ किलोच्या वर. फ्लाय रॉड हातात धरून कुणीही माणूस ४५ किलोने ओढू शकत नाही, त्याच्या चौथ्या हिश्श्यानेसुद्धा ओढता आलं तरी खूप झालं. त्यामुळे "माशाने जोर लावून लीडर तोडला" हे ऐकलं की मी आधी गाठ आणि कोरल या दोघांवरच संशय घेतो. एवढ्या जाड लीडरच्या सेटअपमध्ये खरी कमजोर कडी असते फ्लाय लाईनचा कोर, साध्या लाईनचा कोर ३० पौंडाच्या आसपासचा असतो आणि जीटीसाठीच्या खास लाईनचा त्याच्या दुप्पट किंवा जास्त, तेव्हा लाईन घेताना रंग आणि टेपर (लाईनची जाडी कशी बदलत जाते ते) बघण्याआधी हे बघा.

आता मुख्य मुद्दा, रॉडचा कोन.

आपल्याकडे बहुतेक जण स्पिनिंगवरून फ्लायकडे आलेत. कोकणात खडपातून तांबोशी गरवताना मासा लागला की रॉड वर, हे अंगात भिनलेलं असतं आणि तिथे ते बरोबरही आहे, कारण तळातून उचलला नाही तर मासा कपारीत शिरतो, आणि तिकडचा रॉड आखूड आणि कडक असतो. नऊ फुटी फ्लाय रॉड तसा नसतो. त्याचा शेंडा मऊ, मधला भाग जरा कडक आणि खरी ताकद सगळी मुठीच्या वरच्या दोन-तीन फुटांत. रॉड उभा केला की वाकतो शेंडा आणि मधला भाग, दिसायला कमान एकदम झकास, फोटो पण भारी येतो, पण माशाच्या तोंडाला लागणारा जोर फारच थोडा. उलट तुमच्या मनगटावर मात्र पूर्ण नऊ फुटांच्या तरफेचा भार येतो. मासा तरफेच्या लांब बाजूला आणि तुम्ही आखूड बाजूला, मग दमणार कोण? रॉड खाली घेऊन लाईनच्या दिशेकडे झुकवला की शेंडा सरळ होत लाईनच्या रेषेत येतो, तरफ आखूड होते, वाक मुठीजवळच्या जाड भागात उतरतो आणि तेवढ्याच मेहनतीत माशाला दुप्पट-तिप्पट जोर लागतो.

हे वाचून पटणार नाही, करून बघा. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकवाला काटा घ्या, खिडकीच्या गजाला किंवा खांबाला पक्का बांधा, हुकला लीडर अडकवा, दहा-बारा मीटर मागे जा, रीलचा ड्रॅग (लाईन सुटताना अडवणारा ब्रेक) आवळा आणि घरातल्या कुणालातरी काटा वाचायला उभं करा. डोळ्यांवर चष्मा हवाच, लीडर सुटून तोंडावर येऊ शकतो. आधी रॉड डोक्यावर उभा धरून ओढा. बहुतेकांचा काटा दीड-दोन किलोच्या आसपास घुटमळतो आणि तेवढ्यातच हात थरथरायला लागतात. आता रॉडचा बुंधा कमरेच्या हाडाला टेकवा, रॉड जमिनीला समांतर आणि एका बाजूला न्या, शेंडा काट्याकडे थोडा झुकलेला ठेवा, आणि हाताने न ओढता कंबर वळवून ओढा. आकडा मोठ्याने वाचायला सांगा. एकदा हा फरक कानाने ऐकला की समुद्रावर रॉड आपोआप खाली येतो.

याच खेळात दुसरी गोष्टही शिकून घ्या, डावा हात कुठे ठेवायचा. दमलं की हात आपसूक कॉर्कच्या मुठीच्या वर, रॉडच्या नळीवर सरकतो. तिथे धरलं की वाकण्याचा टेकू वर सरकतो, खालचा ताकदवान भाग बाद होतो आणि रॉड मध्येच मोडतो. हात कॉर्कवरच राहू द्या, ज्या रॉडला वर दुसरी मूठ दिलेली आहे तिथे तिच्यावर.

रॉड खाली ठेवून झुंजायची ही पद्धत काही नवी नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडा कीज बेटांवर टार्पन या मोठ्या समुद्री माशाच्या मागे आयुष्य घातलेले गाईड स्टू ॲप्टी यांनी ती लोकांना शिकवली, तिकडे तिला "डाउन अँड डर्टी" म्हणतात. टार्पन वर येऊन हवा गिळतो, त्याची हवेची पिशवी फुप्फुसासारखं काम करते, म्हणजे एकदा वर येऊन श्वास घेतला की गडी पुन्हा ताजा. म्हणून तो वर यायला लागला की रॉडचा शेंडा पार पाण्यात घालून त्याचं डोकं खाली आणि बाजूला ओढायचं. ही माणसं बारीक टिपेटवर खेळतात, आयजीएफएच्या (मासेमारीचे जागतिक विक्रम नोंदवणाऱ्या संस्थेच्या) नियमात फ्लायसाठी टिपेट जास्तीत जास्त २० पौंडाचं चालतं, म्हणजे साधारण ९ किलो. आणि तेवढ्याच टिपेटवर २००१ साली फ्लोरिडातल्या होमोसासाला जिम हॉलंड ज्युनिअर यांनी २०२ पौंड ८ औंसाचा टार्पन मिळवला, जवळपास ९२ किलोचा, फ्लायवरचा २०० पौंडांवरचा पहिला. माशाच्या वजनाच्या एक दशांश ताकदीच्या दोऱ्यावर हे होतं, म्हणजे आपला १३० पौंडाचा लीडर कमी पडतो म्हणणं मला कधीच पटलं नाही.

बाजूने का ओढायचं? मासा डोकं जिकडे तिकडे पोहतो. तुम्ही सरळ मागे ओढत राहिलात तर तो सरळ पुढे पोहत राहतो, त्याच्या अंगाची सगळी ताकद एका रेषेत कामाला येते. तो डावीकडे चालला तर रॉड आडवा करून उजवीकडे ओढा, डोकं वळतं, तोल जातो, त्याला पुन्हा नव्याने वेग घ्यावा लागतो. तो उजवीकडे वळला की रॉड लगेच डावीकडे. प्रत्येक वळणाला त्याची ताकद जाते आणि तुम्हाला दोन-चार हात लाईन मिळते, ती लगेच रीलवर घ्या. फ्लाय रीलला गिअर नसतो, एक फेरा म्हणजे स्पूलचा एकच फेरा, त्यामुळे इथे कसलीही उसंत नाही.

आणि उसंत माशालाही द्यायची नाही. हे मी जरा जोर देऊनच सांगतो कारण बहुतेक मासे इथेच जातात. मासा थांबला, जागेवर जड होऊन उभा राहिला की आपण पण हुश्श करतो, पाणी पितो, हात झटकतो, बोटीवरचा कुणीतरी व्हिडिओ काढायला लागतो. तो थांबतो म्हणजे दमलाय आणि स्नायूंना पुन्हा ऑक्सिजन पोचवतोय. ते एक मिनिट त्याला मिळालं की पुढची पंधरा मिनिटं तुमची गेली. जड झाला की त्याच क्षणी कोन बदला, डावीकडून उजवीकडे, नाहीतर बोटवाल्याला सांगून बोट दहा मीटर बाजूला घ्या, पण ओढ चालूच ठेवा. हात खरंच भरून आले असतील तर बुंधा मांडीच्या सांध्यात टेकवून, अंग मागे टाकून नुसत्या वजनाने ताण धरून ठेवा, तोही चालतो, सैल सोडलेलं चालत नाही.

आता ड्रॅगचं गणित, विशेषतः जे २० पौंडाचं टिपेट वापरतात त्यांच्यासाठी. सुरुवातीचा ड्रॅग टिपेटच्या ताकदीच्या पाव हिस्सा, म्हणजे सव्वादोन किलोच्या आसपास, तोही काट्यावर मोजून, रॉडशिवाय सरळ रीलवरून ओढून. "हाताला ठीक लागतोय" असा अंदाज कामाचा नाही. मासा दोनशे मीटर गेला की स्पूलवरचा थर पातळ होतो. ड्रॅगची पकड तीच, पण स्पूलचा व्यास निम्मा झाला तर लाईनवरचा ताण दुप्पट होतो, सव्वादोनचे साडेचार. त्यात एवढी लांब लाईन आणि बॅकिंग (तिच्या मागे जोडलेला बारीक दोरा) पाण्यातून आडवं खेचलं जातंय, त्याचा ओढा वेगळा. म्हणजे तुम्ही बटणाला हातही लावला नाही तरी टिपेट तुटायच्या जवळ पोचलेलं असतं, आणि नेमकं तेव्हाच घाबरून माणूस ड्रॅग अजून आवळतो. मासा लांब असताना ड्रॅग आवळायचा नाही, उलट थोडा सैल करायचा, आणि जवळ आल्यावर वाढवायचा, तोही बटणाने कमी आणि तळहात स्पूलच्या कडेला दाबून जास्त, कारण तळहात एका क्षणात काढता येतो.

जाड लीडरवरच्या जीटीला हे लागू नाही, तिथे ड्रॅग सुरुवातीपासून जवळपास बंदच असतो. कोरलच्या कडेवर लागलेल्या जीटीला पन्नास मीटर जाऊ दिलं तर तो आपल्या घरात पोचतो आणि विषय संपतो. इथे पहिली दहा सेकंदं बोटवाल्याची असतात. फ्लाय टाकण्याआधीच त्याच्याशी बोलून ठेवा, अंदमानात बहुतेक सगळे हिंदी बोलतात, "भैया, लगते ही बोट गहरे में निकालना" एवढं पुरतं. बोट खोल पाण्याकडे निघाली की लाईनचा कोन कडेपासून बाहेरच्या बाजूला होतो आणि मासा मोकळ्या पाण्यात ओढला जातो. आणि हो, वंडूरचं महात्मा गांधी मरीन नॅशनल पार्क, राणी झांसी मरीन नॅशनल पार्क, इथे मासेमारी बंद आहे, बोट ठरवतानाच कुठे नेणार ते विचारा.

रॉड खाली ठेवा या नियमाला एक अपवाद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. उथळ फ्लॅटवर, सेशल्स किंवा मालदीवसारख्या ठिकाणी पायी फिरताना मासा लागला, तो लांब पळतोय आणि मध्ये कोरलची डोकी (पाण्याखालचे उंचवटे) आहेत, अशा वेळी दोन्ही हात वर करून रॉड जमेल तितका उंच धरायचा, म्हणजे लाईन डोक्यांच्या वरून जाईल. तेव्हा जोर कमी लागतो, लागू दे, लाईन वाचवायचीय. धाव थांबली की पुन्हा खाली. तरीही लाईन एखाद्या डोक्याला अडकलीच तर ओढू नका. ड्रॅग सोडून द्या, ताण गेला की मासा बऱ्याचदा थांबतो, कधीकधी आपणहून बाहेर निघतो, तोवर तुम्ही लाईन गुंडाळत त्या डोक्यापर्यंत चालत जायचं आणि हाताने सोडवायची. आधी खोली आणि शार्क बघून, एकट्याने नाही.

सुरुवातीच्या दोन-तीन सेकंदांबद्दल थोडक्यात. मासा फ्लाय घेतो तेव्हा रॉड उचलायचा नाही, रॉड सरळ माशाकडे रोखून डाव्या हाताने लाईन जोरात मागे खेचायची, वजन लागलं की अजून एकदा. मऊ शेंड्याने जीटीच्या किंवा टार्पनच्या हाडकी तोंडात गळ रुतत नाही. गळाचा काटा पकडीने दाबून टाका, रुतायला सोपा आणि सोडवायलाही. मग डेकवर पडलेली लाईन सुसाट निघते, तेव्हा माशाकडे बघायचंच नाही, लाईनकडे बघायचं. डाव्या हाताच्या अंगठ्याची आणि तर्जनीची कडी करून लाईन त्यातून सैल जाऊ द्यायची, हात रीलपासून लांब, रॉडचा बुंधा कोपराच्या आत दाबलेला म्हणजे लाईन त्याला गुंडाळणार नाही. लाईनचा वेढा बोटाला बसला तर बोट जाऊ शकतं, हे घाबरवायला सांगत नाहीये, जीटीच्या सेटअपमध्ये सहजासहजी काही तुटत नाही म्हणून सांगतोय. आणि उडी मारणारा मासा असेल, टार्पन, क्वीनफिश, आपल्या खाडीच्या तोंडावरचा जिताडा, तो हवेत गेला की रॉड त्याच्या दिशेने पुढे ढकलून लाईन क्षणभर सैल द्यायची. पाण्यात माशाचं वजन जाणवत नाही, हवेत ते पूर्ण असतं आणि मान झटकताना ताणलेला दोरा तुटतो.

बोटीखालच्या कुप्याचं दुखणं वेगळं आहे. तो दमल्यावर खाली जाऊन गोल फिरतो. त्या गोलात अर्धा वेळ तो तुमच्यापासून लांब जात असतो आणि अर्धा वेळ तुमच्याकडे वर येत असतो. शेंडा बघत राहा, दर फेऱ्याला भार वाढतो आणि कमी होतो ते स्पष्ट जाणवतं. वाढला की नुसतं धरून ठेवा, कमी झाला की घ्या. घ्यायचं कसं, तर शेंडा पाण्याला टेकलेला, तिथून रॉड आडवा होईपर्यंत वीतभर उचलायचा, त्याच्या वर नाही, आणि खाली जाताना एक-दोन फेरे रीलवर घ्यायचे. वीत-वीत लाईन, पण फटाफट. लोक रॉड डोक्यावरून मागे नेतात, मोठा झोका घेतात, खाली येताना लाईन सैल पडते, माशाचं डोकं पुन्हा खाली वळतं आणि मिळवलेलं सगळं परत जातं. झोका जितका मोठा तितका माशाचा फायदा.

तरीही हलत नसेल तर बोट हलवा. सरळ खालून उभा उचलणं हा सगळ्यात वाईट कोन आहे, मासा आडवा पोहतो आणि तुम्ही त्याला उभा खेचताय. बोट हळूहळू पुढे काढून लाईन सुटू द्या, शंभर मीटरपर्यंत गेली तरी हरकत नाही, कोन तिरका झाला की बोट थांबवून ओढ घ्या, मासा पुढे आणि वर असा यायला लागतो. अर्धा तास अडकलेला मासा या एका गोष्टीने सुटतो, आणि तरी लोक बोटवाल्याला सांगायला संकोचतात, का ते मला कळत नाही.

शेवटचे पाच मीटर. लाईन आखूड झालेली असते, तिच्यात ताणायला काही उरलेलं नसतं, त्यामुळे प्रत्येक झटका थेट गाठीवर. जवळ येताना वाढवलेला ड्रॅग इथे पुन्हा थोडा कमी करायचा. मासा बोटीखाली घुसला तर रॉड वर खेचू नका, शेंडा काठाच्या दिशेने पाण्यात खोल घाला आणि नाळेला किंवा मागच्या टोकाला वळसा घालून पलीकडे जा. बारा वेटचे बहुतेक रॉड मोडतात ते याच वेळी, एकजण लीडर धरायला वाकलाय आणि दुसऱ्याने जवळ आणायला रॉड पार मागे नेलाय. जवळ आणायचं असेल तर रॉड वर न नेता स्वतः दोन पावलं मागे जा.

लीडर धरणाऱ्याने तो हाताला गुंडाळून बांधून घ्यायचा नाही, ग्लोव्ह घालून मुठीत धरायचा, मासा निघाला तर सोडता आला पाहिजे. जीटी आणि कुपा शेपटीच्या मुळाशी, जिथे अंग सगळ्यात बारीक असतं तिथे धरतात, पण जीटीच्या त्या भागाच्या दोन्ही बाजूंना धारदार खवल्यांची रांग असते, उघड्या हाताने धरलं तर तळवा फाटतो. जिताड्याला गालाच्या झाकणाला धरू नका, त्याची कड सुरीसारखी असते.

सोडायचा मासा पाण्यातच ठेवा, फोटोसाठी एक उचल, दोन-तीन सेकंद, पुरे. झुंज जितकी लांबली तितका त्याच्या अंगात लॅक्टिक ॲसिड साठलेलं असतं आणि सोडल्यावर तो शार्कच्या तोंडी जायची शक्यता वाढते, म्हणून सुद्धा मला अर्ध्या तासाच्या झुंजीचं कौतुक वाटत नाही. तोंड प्रवाहाकडे करून धरा, तो स्वतः शेपूट हलवून हातातून निघेपर्यंत.

आणि पुढचा कास्ट टाकण्याआधी लीडरचे खालचे दोन मीटर ओठांतून किंवा नखाखालून फिरवा, खरखर लागली तर कापा. फ्लायची गाठ नवी बांधा, ती दिसायला कितीही चांगली असली तरी. रॉडचे तिन्ही जोड वळवून बघा, दिवसभर जड फ्लाय टाकून ते हळूहळू सैल होतात आणि सैल जोडावर दुसरा मोठा मासा लागला तर रॉड जोडापाशीच फुटतो.